धुरंधर : समीक्षक काय म्हणाले आणि आपल्या बेळगावकडच्या लोकांना काय वाटलं (स्पॉयलर आहेत, सिनेमा बघायचा असेल तर खाली जाऊ नका)

अनगोळकर :
५ डिसेंबर २०२५ ला सिनेमा लागला आणि तेव्हापासून आपल्याकडं चहाच्या गाड्यावर, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत एकच विषय, पण खरं सांगायचं तर सिनेमावर कुणी बोलतच नाही. आवडला म्हटलं की तुम्ही अमक्या पक्षाचे, नाही आवडला म्हटलं की देशद्रोही, झालं, पुढचं कोण ऐकून घेत नाही. म्हणून इथं धागा काढला. ज्यांनी स्वतः बघितलाय त्यांनी स्वतःला काय दिसलं ते लिहा, व्हॉट्सॅपवरचं फॉरवर्ड नको.

माझं मत आधी सांगतो. मला आवडला, मनापासून आवडला. २१४ मिनिटांचा आहे म्हणजे साडेतीन तासांच्या वर, आणि बऱ्याच परीक्षणांत पहिली तक्रार तीच आहे की लांबण लावलीय. मला नाही वाटलं तसं. हेराचं निम्मं काम म्हणजे वाट बघत बसणं, आणि आपल्या हिंदी सिनेमात हेर विमानातून उतरला की लगेच गोळ्या झाडायला लागतो, नाहीतर स्वित्झर्लंडात नाचायला लागतो. इथं हमझा, म्हणजे रणवीर सिंगनं केलेला आपला हेर, कराचीतल्या ल्यारी वस्तीत पोचतो आणि आपलाच माणूस असलेल्या आलमच्या ज्यूसच्या दुकानात राबतो, मार खातो, अपमान गिळतो, गप्प राहतो, कुणाचं कुणाशी जमतं, कोण कुणाला घाबरतं हे नुसतं बघत राहतो. तेवढा वेळ दिला म्हणून तर पुढं तो तिथल्या टोळीच्या म्होरक्याच्या, रहमानच्या, घरात शिरतो ते पटतं. हे कापून अडीच तासाचा केला असता तर नुसती मारामारी उरली असती. रणवीरनं पण स्वतःला आवरलंय, कितीतरी सीनमध्ये तो मागं उभा आहे, बोलतोय दुसराच कोणीतरी, आणि तरी आपण ह्याच्याकडंच बघत राहतो.

आणि रहमान झालेला अक्षय खन्ना. काय लिहायचं? बहरीनच्या रॅपरच्या अरबी गाण्यावर त्याची ती एंट्री आता आपल्याकडच्या हळदीत पण वाजायला लागलीय, पण त्याचं खरं काम त्या नाचात नाही. हा माणूस आवाज चढवत नाही. मुलगा गेल्यावरचा त्याचा चेहरा बघा, डोळे कोरडे आणि जबडा घट्ट, आणि आता ह्या गल्लीत किती मढी पडणार ते आपल्याला आधीच कळतं. मला रहमानची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला, व्हिलन असा पाहिजे.

आता जे खटकलं ते. दिल्लीतले प्रसंग. माधवनचा अजय सन्याल कंदहारच्या विमानापासून सुरुवात करतो तिथं तो माणूस वाटतो, पण नंतर नंतर तोंड उघडलं की भाषणच. तेव्हाचं सरकार कुचकामी होतं, पुढं कोणीतरी येईल मग बघू, हे किती वेळा सांगायचं? प्रेक्षकाला एकदा सांगितलेलं कळतं. ज्या समीक्षकांनी ह्याला प्रचार म्हटलंय त्यांचं ह्या भागापुरतं मला पटतं, अख्ख्या सिनेमाला तो शिक्का मारणं पटत नाही.

आणि शेवटचं, ज्यासाठी खरं तर धागा काढला. परीक्षण वाईट लिहिलं म्हणून समीक्षकांना, त्यात पण बायकांना, जे काय घाणेरडं लिहिलं गेलं ते वाचून मान खाली गेली. फिल्म क्रिटिक्स गिल्डला निषेधाचं पत्रक काढावं लागलं. एका नामवंत समीक्षिकेचं व्हिडिओ परीक्षण तर यूट्यूबवरून दिसेनासंच झालं. हृतिक रोशननं सिनेमाची तोंडभरून स्तुती केली आणि त्यातलं राजकारण आपल्याला पटेलच असं नाही असं पण लिहिलं, तर त्याला पण लोकांनी धरला. सिनेमा जगभरात १००० कोटींच्या वर गेलाय, त्याचं चार परीक्षणांनी काय वाकडं होणार होतं? ज्याला आवडला नाही त्याला तसं म्हणू द्या की.

मार्कंडेयकाठ :
चांगला धागा. मी पहिल्याच रविवारी बघितला, हाऊसफुल्ल. अक्षय खन्नाला शिट्ट्या, रणवीरला शिट्ट्या, राकेश बेदीच्या डायलॉगला तर लोक आधीच हसायला तयार. पण २६/११ चा भाग आला, पडदा लाल झाला आणि त्या दहशतवाद्यांना तिकडून सूचना देणाऱ्यांचे खरे रेकॉर्ड केलेले आवाज सुरू झाले, तेव्हा थेटरात पॉपकॉर्नचा पण आवाज नव्हता. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला तो ते संपेपर्यंत काढला नाही. मुंबई आपली आहे हो, आपल्यातल्या किती घरातली पोरं तिथं नोकरीला आहेत, त्या रात्री फोन लागत नव्हते ते कोण विसरलंय? तुकाराम ओंबळे सातारकडचे, सैन्यातून रिटायर होऊन पोलिसात गेलेले, हातात नुसती काठी. ते आवाज ऐकताना मला तेच आठवत होते. एका इंग्रजी परीक्षणात ह्या भागाला भावना भडकवणारा म्हटलंय. मला ते अजिबात पटलं नाही. ते आवाज खरे आहेत, त्यात दिग्दर्शकानं काय भडकवलं?

वैशाली_निपाणी :
मला सिनेमा अर्धाच आवडला आणि का ते सविस्तर लिहिते, कारण बायकांनी नावं ठेवली की त्यांना हिंसा झेपत नाही असं म्हणून विषय संपवतात.

हिंसा झेपली. हुकांवर टांगलेला माणूस बघताना मान फिरवली, पण ए सर्टिफिकेट आहे, आपण समजून उमजून गेलेलो. मला जे झेपलं नाही ते यालिनाचं पात्र. हमझा तिच्याशी जवळीक करतो ती तिच्या बापापर्यंत, म्हणजे त्या पुढारी जमील जमालीपर्यंत पोचायला. कोवळी पोरगी, सगळं सोडून त्याच्यामागं येते, लग्न करते. हेरगिरीत असं होत असेल, नाही म्हणत नाही, पण मग त्या पोरीचं काय हा प्रश्न सिनेमानं एकदा तरी विचारायला पाहिजे होता की नको? साडेतीन तासात कराचीच्या प्रत्येक गुंडाला आगापीछा आहे, रहमानला बायको आहे, दुःख आहे, आणि हिच्या वाट्याला दोन गाणी आणि मोटारसायकलवर मागं बसणं. टीझर आला तेव्हा वयातल्या फरकावरून बोंबाबोंब झाली होती, मला वयाचं एवढं नाही वाटत, मला वाटतं लेखकाला तिच्यात काही रसच नव्हता. मेघना गुलजारचा राझी २०१८ ला आलेला, त्यात हेर बाई होती आणि ज्या घरात ती सून म्हणून शिरते त्या घरातली माणसं चांगली होती, त्यांना फसवताना ती आतून तुटते ते दाखवलेलं. तेवढी किंमत हमझाला मोजावी लागताना मला दिसली नाही.

बाकी अनगोळकरांच्या शेवटच्या परिच्छेदाला हजारदा होय.

खडेबाजार_७७ :
वैशालीताई +१. यालिनाचा मुद्दा आमच्या घरात पण निघाला, बायकोनंच काढला. मी म्हटलं दुसऱ्या भागात येईल, ती म्हणाली तिकीट पहिल्या भागाचं घेतलंय.

माजी_सुभेदार :
मी मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली, आता शेती बघतो. नातवानं हा धागा दाखवला म्हणून लिहितो, टायपिंग हळू आहे, चुका समजून घ्या.

बेळगावात आमचं रेजिमेंटल सेंटर आहे, ज्युनियर लीडर्स विंग आहे, कमांडो कोर्सला देशभरातली पोरं इथं येतात. ह्या भागात गावोगाव फौजेतली घरं. त्यामुळं असला सिनेमा आला की लोक आम्हाला विचारतात खरं असं असतं का हो. त्यांना मी एवढंच सांगतो की फौजी आणि हेर ह्यात जमीन अस्मानाचा फरक आहे. आमच्या अंगावर वर्दी होती, बाजूला सेक्शन होता, आरोळी द्यायला छत्रपतींचं नाव होतं, पडलो तर तिरंग्यातून घरी येणार हे माहीत होतं. हेराला ह्यातलं काही नाही. पकडला गेला तर स्वतःचं सरकार पण हा आमचा म्हणणार नाही. रवींद्र कौशिक राजस्थानातल्या श्रीगंगानगरचा, नाटकात काम करणारा पोरगा, रॉनं उचलला, पाकिस्तानात नाव धर्म बदलून राहिला, त्यांच्या फौजेत शिरला, १९८३ ला पकडला गेला आणि २००१ ला तिथल्याच तुरुंगात आजारानं गेला. त्याच्या घरच्यांनी काय भोगलं असेल ते तुम्हीच विचार करा.

म्हणून सिनेमातला मला सगळ्यात खरा वाटलेला माणूस म्हणजे तो ज्यूसवाला आलम. हिरो नाही, बॉडी नाही, कोणाच्या नजरेत न भरणारा, वर्षानुवर्षं एका जागी बसून गिऱ्हाईक करणारा. असल्या माणसावर सगळं उभं असतं. त्या नटाला, गौरव गेराला, माझा सलाम.

खोटं काय वाटलं तेपण सांगतो. हमझाच्या हातून एवढी माणसं मरतात, एवढे स्फोट होतात, आणि कुणाला शंका येत नाही? एवढा गाजावाजा करणारा हेर महिनाभर टिकणार नाही. दुसरं, सन्याल आयबीचा प्रमुख दाखवलाय. आयबी देशाच्या आतलं बघते, बाहेरचं काम १९६८ पासून रॉकडं आहे. कराचीतला माणूस आयबीनं चालवायचा हे आमच्यासारख्याला खटकतं. सिनेमा आहे, चालायचंच, पण खऱ्या घटनांचा आधार घेतलाय म्हणता तर एवढं सांभाळायला पाहिजे होतं.

शिव्या देणाऱ्या पोरांना एक सांगणं. आम्ही सीमेवर होतो ते लोकांना मोकळेपणी बोलता यावं म्हणूनच. फौजेचं नाव घेऊन कुणा बाईला शिव्या देऊ नका, फौजेत असलं शिकवत नाहीत.

अनगोळकर :
सुभेदारकाका, नमस्कार. आयबी-रॉचा मुद्दा एकाही परीक्षणात मी वाचला नव्हता. स्फोटांचं म्हणणं पण बरोबर, शेवटच्या पाऊण तासात सिनेमा हेराचा राहत नाही, गँगवॉरचा होतो.

खानापूर_रोड :
तुम्ही सगळे आतलं बोलताय, मी बाहेरचं सांगतो. साडेतीन तासाचा सिनेमा, इंटरवल आणि जाहिराती धरून चार तास. संध्याकाळच्या शोला बसलं की बाहेर पडेपर्यंत मध्यरात्र, खानापूरकडं जायला गाडी कुठली? आमच्या गावातली पोरं मोटारसायकलवर आली, डिसेंबरची थंडी, जंगलातला रस्ता, घरी आया जाग्या. त्यात तिकिटाचे दर. सप्टेंबरात कर्नाटक सरकारनं २०० रुपयाच्या वर तिकीट नको असा नियम काढलेला, आठपंधरा दिवसात हायकोर्टानं स्थगिती दिली, आणि मग हा सिनेमा आला. घरातली चार माणसं म्हणजे हजाराच्या वरच, खाणं वेगळं. एका थेटरात तर ए सर्टिफिकेट असून लहान पोरांना आत सोडलं आणि दुसऱ्या ठिकाणी मिसरूड फुटलेल्या पोराला आधार कार्ड नाही म्हणून परत पाठवलं. समीक्षक लोक लांबीवर लिहितात ते आपल्याला चूक वाटतं, पण गावाकडनं येणाऱ्याला लांबी म्हणजे शेवटची बस आहे. तरी सांगतो, सिनेमा आवडला. मागच्या सीटवर झोपायला आलेला माझा मित्र पण जागा होता.

कॅम्पवाला :
मला इथं समीक्षकांची जरा जास्तच बाजू घेतल्यासारखी वाटते. शिव्या चूक, हजारदा चूक, मान्य. पण त्यांनी पण विचार करायला पाहिजे की नको? पठाण आला तेव्हा हेर जेटपॅक लावून उडत होता, तेव्हा ह्यातल्याच कितीजणांनी मजा आली म्हणून लिहिलं, आणि इथं दिग्दर्शकानं कष्टानं गल्ली उभी केली, माणसं उभी केली तर लगेच विचारसरणी तपासायला बसले. आदित्य धरला उरीसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, त्याला सिनेमा करता येतो एवढं तरी मान्य करा. प्रेक्षकाला वेडा समजू नका. माझा भाऊ दुबईत आहे, आखातात कुठंच हा सिनेमा लागला नाही, तो रोज फोनवर मला स्टोरी विचारतो. त्याच्या रूमवरची मल्याळी, पंजाबी सगळी पोरं विचारतात. ही ओढ प्रचारानं येत नाही. प्रचाराचे सिनेमे किती आले आणि शुक्रवारचे रविवारपर्यंत टिकले नाहीत.

वैशाली_निपाणी :
कॅम्पवाला, तुमचा शेवटचा मुद्दा मला पटतो, चांगला बनवलाय म्हणूनच चाललाय. पण चांगला बनवलाय म्हणूनच विचारसरणी बघावी लागते. टुकार सिनेमात काय दाखवलं ते कोण लक्षात ठेवतं? ह्यात खऱ्या बातम्यांची कात्रणं, खरे आवाज, खऱ्या माणसांची नावं, रहमान डकैत खरा, तो २००९ ला पोलीस चकमकीत मेला, कराचीचा पोलीस अधिकारी चौधरी अस्लम खरा, तो जानेवारी २०१४ ला बॉम्बस्फोटात गेला, आणि ह्या खऱ्याच्या मधोमध रचलेली गोष्ट. ह्या दोघांना कुणी मारलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सिनेमा रहमानच्या मरणात आपला हात घालतो. बघणाऱ्या पोराला खरं कुठं संपलं ते कळत नाही. माझे शाळेतले विद्यार्थी आता ल्यारी म्हणजे नुसते गुंड असं समजतात. त्याच ल्यारीत फुटबॉलचं असं वेड आहे की वर्ल्ड कपला गल्लोगल्ली ब्राझीलचे झेंडे लागतात. तिथल्या लोकांना राग आला तर त्यात नवल नाही. बेळगावचं नाव टीव्हीवर निघालं की फक्त दगडफेक आणि बसला काळं फासणं एवढंच दाखवतात, तेव्हा आपल्याला कसं होतं?

खडेबाजार_७७ :
शेवटचं वाक्य लागलं.

चिकोडीकर :
एक गोष्ट इथं अजून कुणी काढली नाही. सिनेमा लागायच्या आठवडाभर आधी गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात रणवीरनं कांतारा ह्या कन्नड सिनेमातल्या दैवाची नक्कल केली, त्यावरून अख्ख्या कर्नाटकात संताप झाला, त्यानं नंतर माफी मागितली. माझे कन्नड मित्र त्या रागानं सिनेमाला आले नाहीत, अजून आलेले नाहीत. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. दैवांची पूजा तुळुनाडची असली तरी आपल्याकडं सौंदत्तीची यल्लम्मा आहे, देव अंगात येणं म्हणजे काय ते आपल्या घराघरात माहीत आहे, गोंधळाच्या रात्री माझी आजी कशी थरथरायची ते मी बघितलंय. त्याची स्टेजवर नक्कल बघून मला पण वाईट वाटलं. म्हणून सिनेमा वाईट होत नाही, त्यात शेकडो माणसांचे कष्ट आहेत. पण दर वेळी मराठी माणूस बघतो, कन्नड माणूस बघत नाही असं जे चाललंय त्यामागं भाषा नाही, हे कारण आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

मलप्रभा_खोरं :
सिनेमापासून जरा बाजूला जातो, पण वैशालीताईंनी ल्यारीचं काढलं म्हणून. कराची आपल्याला एवढी परकी का वाटते कळत नाही. १९३६ ला सिंध वेगळा निघेपर्यंत कराची मुंबई इलाख्यात होती आणि आपलं बेळगाव पण १९५६ पर्यंत मुंबईकडंच. म्हणजे दोन्ही गावांचा कारभार एकाच ठिकाणाहून चालायचा. सिंधमधली पहिली सरकारी शाळा १८५५ ची, तिला नाव कुणाचं तर नारायण जगन्नाथ वैद्य ह्या मराठी माणसाचं, आणि शाळा त्याच नावानं आजही चालू आहे. तिथं अजून थोडी मराठी घरं आहेत, गणपती बसवतात. सिनेमातल्या त्या गल्ल्या बघताना, त्या बँकॉकला सेट लावून केल्यात म्हणे, मला सारखं वाटत होतं की ह्यातलं एखादं घर मराठी असणार. दिग्दर्शकानं तेवढं एक दाखवलं असतं तर हमझाला तिथं लपणं किती अवघड गेलं असतं, कुणीतरी ओळखणारं निघालं असतं. मला तो प्रसंग बघायला आवडला असता.

मार्कंडेयकाठ :
वा, हे माहीत नव्हतं. आणि हेरांचं म्हणाल तर आपल्याकडं बहिर्जी नाईक आहेत, सांगलीकडं बाणूरगडावर त्यांची समाधी आहे. कागदोपत्री त्यांच्याबद्दल फार थोडं सापडतं, म्हणजे लेखकाला मोकळं रान. असा संयमानं, वेश आणि बोली बदलत जाणारा, लढाईआधीच्या महिन्यांवर बेतलेला मराठी सिनेमा कोण का करत नाही? आपल्याकडं इतिहासाचा सिनेमा म्हटला की तलवारी, घोषणा आणि स्लो मोशन. सुरतेच्या आधी सुरतेत कोण कोण होतं, काय विकत होतं, कुणाच्या ओसरीवर झोपत होतं, ते दाखवा की.

माजी_सुभेदार :
बहिर्जींचं लिहिलंत, बरं वाटलं. ओसरीवर झोपणं हे बरोबर ओळखलंत.

आणि एक. हेर, पकडणं, तुरुंग हे सगळं आपण टाळ्या वाजवून बघतो, तेव्हा कुलभूषण जाधव तिकडं आहेत हे ध्यानात असू द्या. भारतानं सांगितलंय की ते हेर नाहीत, नौदलातून रिटायर होऊन इराणात धंदा करत होते, तिथून पळवून नेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १७ जुलै २०१९ ला फाशीचा फेरविचार करा, आपल्या वकिलातीला भेटू द्या असा निकाल दिला, तरी माणूस घरी आलेला नाही. पाकिस्तानातले लोक असले सिनेमे बघून म्हणणार, बघा, तुमचीच माणसं असं करतात. हा विचार दिल्लीत कुणी केला असेल का, मला खरंच प्रश्न पडलाय.

कॅम्पवाला :
काका, ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही. ह्या बाजूनं मी बघितलं नव्हतं.

खानापूर_रोड :
दुसरा भाग १९ मार्च २०२६ ला. पहिला फक्त हिंदीत होता, हा कन्नडमध्ये पण येतोय, तेलुगू, तमिळ, मल्याळममध्ये पण. १९ मार्च म्हणजे पाडवा, आणि तीच युगादी. त्या दिवशी बेळगावातले, निपाणीतले झाडून सगळे शो हाच सिनेमा घेणार, हिंदी एक आणि कन्नड एक, आणि मराठी सिनेमाला सकाळचा साडेनऊचा शो पण उरणार नाही. ह्यावर काय करायचं ते बोला.

अनगोळकर :
थेटरवाल्यांना आधीच भेटायला पाहिजे. पाडव्याच्या आठवड्यात मराठीला निदान एक संध्याकाळचा शो द्या असं लेखी निवेदन, त्यात भाषेचा वाद काढायचा नाही, किती जण तिकीट काढणार त्याची सह्यांची यादी जोडायची. धंद्याचं बोललं की ते ऐकतात. टिळकवाडी, शहापूर, अनगोळच्या सह्या मी गोळा करतो. वडगाव आणि कॅम्प कोण घेतंय?

कॅम्पवाला :
कॅम्प माझ्याकडं. दुसरा भाग मी पहिल्याच दिवशी बघणार हे सांगून ठेवतो, पण सही करतो, आणि मराठीचं तिकीट पण काढतो.

वैशाली_निपाणी :
निपाणीचं मी बघते. महिला मंडळाच्या सह्या शनिवारपर्यंत मिळतील, संध्याकाळचा शो सहाच्या आत सुरू होईल असं निवेदनात घाला, त्यानंतरचा बायकांच्या काही कामाचा नाही.